पडद्यावरील पंच

युरोपांतील फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर आवडीनें पाहणारे पुष्कळ विद्यार्थी प्रत्येक शाळेंत असतात, आणि सोमवारीं सकाळीं प्रार्थनेच्या घंटेपूर्वीं त्यांच्यांत जो वाद चालतो तो आमच्या कानीं पडतो. पूर्वीं अशा वादांत तक्रार असे ती ही कीं, रेफरीला दिसलें नाहीं. हल्लींची तक्रार निराळी आहे. रेफरीला सर्व दिसलें, दहा वेळां दिसलें, चार बाजूंनीं दिसलें, आणि तरीहि निर्णय चुकला असें मुलें म्हणतात. किंवा याहूनहि कडवट तक्रार अशी कीं, गेल्या आठवड्यांत ज्या कृत्याबद्दल पेनल्टी मिळाली, त्याच कृत्याबद्दल या आठवड्यांत कांहींच मिळालें नाहीं. न्याय अधिक अचूक व्हावा म्हणून यंत्र आणलें, आणि यंत्र आल्यावर अन्यायाची भावना वाढली, हें कसें? ज्यांना फुटबॉलची गोडी नाहीं अशा पालकांनींहि या प्रश्नाकडे थोडें लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे; कारण पुरावा आणि निवाडा या दोन गोष्टींतील भेद या खेळांत जितका उघड दिसतो तितका तो इतरत्र क्वचितच दिसतो.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. इ. स. १८६३ सालीं लंडन येथें फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली व खेळाचे नियम लिहिले गेले, तेव्हां त्या नियमांत रेफरीचा उल्लेखसुद्धां नव्हता. इंग्लंडांतील शाळांमधून आलेली ती मंडळी. वाद झाला तर दोन्ही बाजूंचे कप्तान आपसांत मिटवितील अशी त्यांची समजूत होती. पुढें प्रत्येक संघ आपला एक अंपायर आणूं लागला, व कोणी दाद मागितली तरच तो बोले. दोन अंपायरांचें एकमत न झालें तर रेषेबाहेर उभा असलेला तिसरा मनुष्य निकाल देई; तोच आपला रेफरी. १८९१ सालीं या तिसऱ्या मनुष्याला मैदानाच्या आंत आणून सर्व अधिकार त्याच्या हातीं दिले गेले, आणि बिचारे अंपायर रेषेवर निशाण घेऊन उभे राहिले. त्याच वर्षीं पेनल्टीचा नियम आला. सी. बी. फ्राय यांच्यासारख्या जुन्या वळणाच्या खेळाडूंना तो अपमानास्पद वाटे. सभ्य गृहस्थ मुद्दाम आगळीक करील असें गृहीत धरणेंच त्यांना सहन होत नसे. आज हें वाचतांना हसूं येतें. परंतु एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे, ती ही कीं, खेळांतला न्यायाधीश हा खेळाबरोबर जन्मलेला नाहीं. पैसा आणि चुरस वाढत गेली तसतसा तो आंत येत गेला.

ही व्यवस्था दीर्घकाळ चालली. तिला धक्का बसला तो दूरचित्रवाणीमुळें. घरीं खुर्चींत बसलेल्या मनुष्याला रेफरीपेक्षां चांगले डोळे मिळाले! ता. ३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांच्यामध्यें विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. दोन-दोन अशी बरोबरी असतां जादा वेळांत जेफ हर्स्ट यानें मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खालीं आपटला आणि परत बाहेर आला. तो रेषेच्या आंत पडला कीं रेषेवर पडला? स्विस रेफरी गॉटफ्रीड डीन्स्ट यांची खात्री होईना. ते लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले, आणि बहरामोव्ह यांनीं गोल झाल्याचें सांगितलें. इंग्लंड ४-२ असें जिंकलें. जर्मन लोक अद्यापि तो गोल मानीत नाहींत. बहरामोव्ह हे अझरबैजानचे. बाकू शहरांतील मोठ्या मैदानाला पुढें त्यांचें नांव देण्यांत आलें. लाइन्समनच्या वाट्याला असा मान सहसा येत नाहीं.

त्यानंतर ता. २२ जून १९८६ रोजीं मेक्सिको शहरांत दिएगो मॅराडोना यानें इंग्लंडविरुद्ध मुठीनें गोल केला, तो साऱ्या जगानें पाहिला. फक्त ट्युनिशियाचे रेफरी व बल्गेरियाचे लाइन्समन यांनीं पाहिला नाहीं. ता. १८ नोव्हेंबर २००९ रोजीं पॅरिस येथें थिएरी आंरी यानें हातानें चेंडू आवरून सहकाऱ्याकडे दिला, त्यावर गोल झाला, आणि आयर्लंडचा विश्वचषकाचा मार्ग बंद झाला. ता. २७ जून २०१० रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफोंटेन येथें इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्ड यानें मारलेला चेंडू रेषेच्या चांगला हातभर आंत पडला, तरी गोल दिला गेला नाहीं. ही शेवटची गोष्ट फार बोचली. नियम करणाऱ्या मंडळानें २०१२ सालीं गोलरेषेच्या यंत्राला मान्यता दिली. चेंडू संपूर्ण रेषेपार गेला कीं रेफरीच्या मनगटावरील घड्याळांत सूचना उमटते. या यंत्राविरुद्ध जगांत फारशी ओरड झाली नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येईल.

व्हिडिओ रेफरीची, म्हणजे ज्याला सर्वत्र व्ही. ए. आर. म्हणतात त्या पद्धतीची, परीक्षा घेण्यास २०१६ सालीं परवानगी मिळाली. इटली व जर्मनी येथें २०१७-१८ च्या हंगामांत ती सुरू झाली. मार्च २०१८ मध्यें ती नियमांत आली व त्याच वर्षीं रशियांतील विश्वचषकांत वापरली गेली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनें ती २०१९-२० च्या हंगामापासून स्वीकारली. मैदानापासून दूर एका खोलींत कांहीं रेफरी पडद्यांसमोर बसतात व मैदानांतील रेफरीशीं कानांतील यंत्रावाटे बोलतात. नियमांत आली तेव्हां या खोलीला चारच बाबतींत तोंड घालण्याचा अधिकार होता: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि एका खेळाडूची शिक्षा भलत्याच खेळाडूला होणें. आणि तेथेंहि अट अशी कीं, मैदानांतील रेफरीची चूक ‘स्पष्ट व उघड’ असली पाहिजे. ‘स्पष्ट व उघड’ हे दोन शब्द विद्यार्थ्यांनीं मनांत घोळवावे. कोणाला स्पष्ट? किती उघड? आमच्या मतें साऱ्या भांडणाचें मूळ या दोन शब्दांत आहे.

आतां जें यंत्राला उत्तम साधतें तें आधीं पाहूं. ऑफसाइडचा नियम फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो: सहकाऱ्यानें चेंडू मारला त्या क्षणीं, प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानांत, चेंडूच्याहि पुढें आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याहि पुढें असूं नये. नियम सोपा, पण पाहणें कठीण. हा प्रयोग कोणींहि करून पाहावा. एका मुलानें चेंडू मारावा, दुसऱ्यानें त्याच्यापुढें तीस मीटरांवर गोलाकडे धांवत सुटावें, व तिसऱ्यानें बाजूच्या रेषेवर उभें राहून, पाय चेंडूला लागला त्या क्षणीं धांवणारा कोठें होता, हें सांगावें. तिसरा मुलगा चेंडूकडे पाहतो तोंवर धांवणारा पुढें गेलेला असतो, आणि धांवणाऱ्याकडे पाहत राहिला तर चेंडू केव्हां सुटला तें त्याला कळत नाहीं. दोन ठिकाणें एका दृष्टींत मावत नाहींत. लाइन्समनला आपण किती सहजपणें शिव्याशाप देतों! त्याच्या जागीं पांच मिनिटें उभें राहिलें म्हणजे तोंड बंद होतें.

येथें कॅमेरा मनुष्याहून श्रेष्ठ आहे यांत शंका नाहीं. पण तोहि सर्वज्ञ नव्हे. चलच्चित्र म्हणजे अखंड गति नसून एकामागून एक येणारीं स्थिर चित्रें असतात. कॅमेरा सेकंदास ५० चित्रें घेतो असें धरा, म्हणजे दोन चित्रांमध्यें सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. चांगला खेळाडू वेगांत असतां सेकंदास ८ मीटर धांवतो. त्रैराशिक मांडलें तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो १६ सेंटिमीटर पुढें सरकतो. आणि बचाव करणारा उलट दिशेनें तितक्याच वेगानें येत असेल तर दोघांमधील अंतर ३२ सेंटिमीटरांनीं, म्हणजे वीत-दीड वीत, बदलतें. पाय चेंडूला लागला तो खरा क्षण दोन चित्रांच्या मध्येंच पडला तर कोणतें चित्र धरावयाचें? ता. २ नोव्हेंबर २०१९ रोजीं लिव्हरपूलच्या रोबेर्तो फिर्मिनो याचा ॲस्टन व्हिलाविरुद्धचा गोल काखेजवळचा भाग पुढें असल्याच्या कारणानें रद्द झाला, तेव्हां प्रेक्षकांनीं जी थट्टा केली ती सर्वस्वीं अडाणीपणाची नव्हती. वितीच्या मापानें केंसाची जाडी मोजल्याचा तो प्रकार होता. दुसरें असें कीं, गोलाजवळ दबा धरून बसणाऱ्या खेळाडूला आळा घालणें हा ऑफसाइडच्या नियमाचा हेतु. काख पुढें असल्यानें कोणाला कोणता लाभ झाला?

यंत्रें पुढें सुधारलीं. २०२२ च्या कतार येथील विश्वचषकांत मैदानाच्या छपराखालीं १२ कॅमेरे लावून प्रत्येक खेळाडूच्या अंगावरील २९ बिंदूंची जागा सेकंदास ५० वेळां टिपण्यांत आली, आणि चेंडूच्या पोटांत बसविलेलें यंत्र सेकंदास ५०० वेळां खबर देत होतें, त्यामुळें लाथ लागल्याचा क्षण अधिक नेमका सांपडूं लागला. प्रीमियर लीगमध्यें अशा तऱ्हेची व्यवस्था एप्रिल २०२५ पासून आली. ऑफसाइडचे वाद यामुळें थोडेबहुत निवळले, आणि ते निवळावे हें साहजिकच आहे, कारण तेथें विचारलेला प्रश्न गोलरेषेच्या प्रश्नासारखाच आहे. अमुक वस्तु अमुक रेषेच्या कोणत्या बाजूस होती? या प्रश्नाला एकच खरें उत्तर असतें, आणि तें शोधण्यास डोळ्यापेक्षां कॅमेरा बरा.

परंतु ‘हात’ हा प्रश्न तसा नाहीं. चेंडू हाताला लागला कीं नाहीं हें यंत्र सांगतें. हात लागणें ही आगळीक होती कीं नाहीं हें तें सांगूं शकत नाहीं. नियम असा कीं, खेळाडूनें मुद्दाम हात लावूं नये, तसेंच हात अस्वाभाविकपणें पसरून आपलें शरीर मोठें करूं नये. स्वाभाविक काय आणि अस्वाभाविक काय? धांवतांना, उडी मारतांना, पडतांना मनुष्याचे हात कोठें असावेत? नियम करणाऱ्यांनीं २०१९ सालीं हें कलम नव्यानें लिहिलें आणि २०२१ सालीं पुन्हां फिरविलें. यावरूनच त्यांची अडचण दिसून येते.

२०२४ सालीं जर्मनींत झालेल्या युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेंतील दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. ता. २९ जून रोजीं डॉर्टमुंड येथें जर्मनी व डेन्मार्क यांचा सामना होता. डेन्मार्कच्या योआखिम अँडरसन यानें उत्तरार्धाच्या आरंभीं गोल केला. पडद्यावर पाहतां त्याच्या सहकाऱ्याच्या पायाचा अंगठा पुढें होता म्हणून तो रद्द झाला. थोड्याच मिनिटांनीं त्याच अँडरसनच्या हाताला जवळून मारलेला चेंडू निसटता लागला. चेंडूंतील यंत्रानें त्या स्पर्शाचा आलेख काढून दाखविला, रेफरी पडद्यापाशीं गेले, पेनल्टी दिली, काय हाव्हर्ट्झ यानें गोल केला, आणि अखेर जर्मनी २-० असें जिंकलें. पांच मिनिटांच्या आंत एक संघ आघाडीवरून पिछाडीवर गेला! डेन्मार्कचे प्रशिक्षक ह्युल्मंड यांनीं सामन्यानंतर या दोन्ही निर्णयांविषयीं तीव्र नापसंति व्यक्त केली.

यानंतर सहाच दिवसांनीं, ता. ५ जुलै रोजीं, श्टुटगार्ट येथें तीच जर्मनी स्पेनशीं खेळत होती. एक-एक बरोबरी, जादा वेळ. जमाल मुसियाला यानें जोरानें गोलाकडे मारलेला चेंडू मार्क कुकुरेया याच्या हातावर आदळला. इंग्लिश रेफरी अँथनी टेलर यांनीं खेळ पुढें चालूं ठेवला. खोलीनें त्यांना पडद्याकडे बोलाविलें नाहीं. ११९ व्या मिनिटाला स्पेननें गोल केला व जर्मनी स्पर्धेंतून गेली. एके दिवशीं ओझरत्या स्पर्शाला पेनल्टी, आणि आठवडा उलटण्यापूर्वीं गोलाकडे जाणारा चेंडू हातानें अडला तर कांहींच नाहीं! टेलर यांच्या बाजूनें सांगण्यासारखें होतें. कुकुरेयाचा हात खालीं होता व तो मागें ओढला जात होता. पण असल्या स्पष्टीकरणानें जर्मन प्रेक्षकाचें समाधान कसें व्हावें? पुढील सामन्यांत चेंडू कुकुरेयाच्या पायाशीं आला कीं तो निरपराध तरुण शिट्ट्यांचा व हुर्र्यांचा धनी होई. निर्णय त्यानें दिला नव्हता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत युरोपीय संघटनेच्या पंचसमितीनें ती पेनल्टी द्यावयास हवी होती असें मत दिल्याचें वर्तमानपत्रांत आलें. तोंवर स्पेन अजिंक्य झालें होतें.

या दोन प्रसंगांत कॅमेऱ्यानें कांहीं लपविलें काय? मुळींच नाहीं. जें पाहावयाचें तें लक्षावधि लोकांना सारखेंच दिसलें. भेद पडला तो पाहिलेल्याचा अर्थ लावण्यांत, आणि अर्थ लावणारे दोन दिवशीं दोन निराळे होते. पूर्वींहि असाच भेद पडत असे, परंतु ‘रेफरीला दिसलें नसेल’ या पांघरुणाखालीं तो झांकला जाई. यंत्रानें तें पांघरूण काढून घेतलें. प्रेक्षकाचा संताप वाढला आहे त्याचें कारण हें, असें आम्हांस वाटतें: चूक पूर्वीं डोळ्याची असे, म्हणून क्षम्य असे, आतां ती मताची असते, आणि डोळे उघडे ठेवून केलेल्या चुकीला मनुष्य क्षमा करीत नाहीं.

आंकडे काय सांगतात? प्रीमियर लीगनें २०२४ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, महत्त्वाच्या निर्णयांपैकीं शेंकडा ८२ पूर्वीं बरोबर असत, ते या पद्धतीनें ९६ झाले. हा लाभ लहान नाहीं व तो नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. तथापि ‘बरोबर’ कोण ठरवितो हेंहि पाहावें. तेथें पांच जणांचें एक मंडळ असतें. तीन जुने खेळाडू वा प्रशिक्षक, एक लीगचा प्रतिनिधि व एक रेफरींच्या संस्थेचा. मतभेद झाल्यास बहुमतानें ठरतें. गणिताच्या उत्तरपत्रिकेवर मतें घ्यावीं लागत नाहींत. निबंधाच्या गुणांविषयीं दोन परीक्षकांचें एकमत क्वचित् होतें. ऑफसाइड हें गणित आहे आणि हात हा निबंध आहे, एवढें मान्य केलें तर पुष्कळ त्रागा कमी होईल. उलट निबंधाला गणिताची अचूकता येणार असें वचन जेथें दिलें जातें तेथें निराशा ठरलेलीच.

आपल्याकडे क्रिकेटचें उदाहरण तोंडावर फेंकण्यांत येतें, म्हणून त्याचाहि विचार करूं. दूरचित्रवाणी पाहून निर्णय देणारा तिसरा अंपायर प्रथम १९९२ च्या नोव्हेंबरांत डर्बन येथील भारत व दक्षिण आफ्रिका यांच्या कसोटी सामन्यांत बसला, व त्यानें धांवबाद ठरविलेला पहिला फलंदाज म्हणजे आमच्या मुंबईचा सचिन तेंडुलकर. तेव्हांपासून क्रिकेटनें ही गोष्ट बऱ्याच सुखानें पचविली आहे. पण क्रिकेटमध्यें प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो, फुटबॉल वाहत असतो. बॅट रेषेच्या आंत होती कीं बाहेर, हा पुन्हां रेषेचाच प्रश्न. आणि जेथें यंत्रालाहि खात्री नसते तेथें क्रिकेटनें ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मोकळेपणानें तसें कबूल केलें, आणि मैदानांतील अंपायरचा शब्द राखला. त्यावरहि वाद होतात, नाहीं असें नाहीं; पण तो शेवटचा मुद्दा फुटबॉलनें घेण्याजोगा आहे.

यंत्र निर्दोष आणि मनुष्य सावध असूनहि केवळ बोलण्याच्या घोटाळ्यानें न्याय कसा बुडतो, याचें ठळक उदाहरण ता. ३० सप्टेंबर २०२३ रोजीं लंडन येथें टॉटनहॅम व लिव्हरपूल यांच्या सामन्यांत घडलें. लिव्हरपूलच्या लुईस दियास यानें गोल केला. लाइन्समननें ऑफसाइडचें निशाण केलें. खोलींतील रेफरींनीं चित्रें तपासलीं, तों दियास स्पष्टपणें मागें होता, म्हणजे गोल योग्य होता. त्यांनीं तत्परतेनें कळविलें कीं, तपासणी पूर्ण झाली. घोटाळा असा कीं, मैदानांत गोल दिलाच आहे अशी त्यांची समजूत होती! मैदानांतील रेफरीनें ‘तपासणी पूर्ण’ याचा अर्थ ‘तुमचा निर्णय कायम’ असा घेतला, आणि त्याचा निर्णय तर ऑफसाइडचा. खेळ पुन्हां सुरू झाला. खोलींत चूक ध्यानांत आली तेव्हां फक्त कांहीं सेकंद उलटले होते. पण खेळ सुरू झाल्यावर मागें जातां येत नाहीं असा नियम, म्हणून जाणूनबुजून चूक तशीच राहूं देण्यांत आली. लिव्हरपूल शेवटच्या क्षणीं २-१ असें हरलें. रेफरींच्या संस्थेनें त्याच संध्याकाळीं मानवी चूक झाल्याचें मान्य केलें, आणि तीन दिवसांनीं खोलींतील संभाषणाचें ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलें. शाळेंत आम्ही वाक्याला कर्ता व कर्म असावें म्हणून मुलांच्या मागें लागतों, तें कांहीं व्यर्थ नव्हे.

गोलरेषेच्या यंत्राविरुद्ध फारशी ओरड झाली नाहीं असें वर म्हटलें; तेंहि एकदां फसलें. ता. १७ जून २०२० रोजीं, साथीमुळें सुमारें तीन महिने बंद पडलेली प्रीमियर लीग पुन्हां सुरू झाली त्या पहिल्याच सामन्यांत, ॲस्टन व्हिलाचा गोलरक्षक चेंडू हातांत धरून आपल्याच गोलांत शिरला. गोल उघड होता. पण खेळाडूंच्या गर्दीमुळें सातहि कॅमेऱ्यांची दृष्टि अडली आणि रेफरीचें घड्याळ मुकें राहिलें. यंत्राच्या कंपनीनें सांगितलें कीं, ९,००० हून अधिक सामन्यांत असें पूर्वीं झालें नव्हतें. व्हिडिओच्या खोलीला तें चित्र पाहतां आलें असतें, परंतु तिनेंहि हस्तक्षेप केला नाहीं. शेफील्ड युनायटेडविरुद्धचा तो सामना ०-० असा राहिला. हंगामाच्या अखेरीस व्हिलाला ३५ गुण व बोर्नमथला ३४. बोर्नमथ खालच्या वर्गांत गेलें. तो गोल दिला असता आणि बाकीचे निकाल तेच राहिले असते, तर दोघांचे गुण सारखे होऊन गोलांच्या वजाबाकींत बोर्नमथ तरलें असतें. खालच्या वर्गांत जाणें म्हणजे एखाद्या क्लबाला कोट्यवधि रुपयांची खोट, आणि तेथें नोकरी करणाऱ्या सामान्य माणसांच्या पोटावर पाय. ‘खेळच तो, इतकें काय मनाला लावून घेतां’ असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब पाहावा.

येथपर्यंत निर्णयाविषयीं झालें. प्रेक्षकाचें दुःख आणखीहि एक आहे, आणि पैसे मोजून मैदानावर जाणाऱ्याला तेंच अधिक सलतें. ता. १७ एप्रिल २०१९ रोजीं मँचेस्टर सिटी व टॉटनहॅम यांच्या सामन्यांत अगदीं शेवटीं रहीम स्टर्लिंग यानें गोल केला, व आपण उपांत्य फेरींत गेलों असें समजून सारें मैदान आनंदानें वेडें झालें. तेवढ्यांत गोल रद्द! सहकारी सेर्हिओ आग्वेरो ऑफसाइड होता. निर्णय अगदीं बरोबर होता. पण त्यानंतर गोल झाला कीं ओरडावें कीं थांबावें, असा संकोच प्रेक्षकाच्या मनांत कायमचा शिरला. ता. १६ एप्रिल २०१८ रोजीं जर्मनींत माइन्झ येथें तर मध्यंतरासाठीं खेळाडू आंत गेल्यावर रेफरीनें फ्रायबुर्गच्या संघाला पुन्हां बाहेर बोलावून माइन्झला पेनल्टी दिली. मैदानांतील मनुष्याला काय चाललें आहे याचा पत्ता नसतो. घरीं बसलेला चुलता त्याला फोनवरून सांगतो!

म्हणूनच कांहीं ठिकाणीं प्रेक्षक उलटले. इंग्लंडांत वुल्व्हरहॅम्प्टनच्या क्लबानें ही पद्धति बंद करावी असा ठराव मांडला; जून २०२४ मध्यें तो १९ विरुद्ध १ मतानें फेंटाळला गेला. स्वीडनमध्यें क्लबांत सभासदांचें मताधिक्य असतें, आणि सभासद म्हणजे प्रेक्षकच. तेथें २०२४ सालीं ही पद्धति न आणण्याचें ठरलें. नॉर्वेनें ती २०२३ सालीं आणली. पुढील वर्षाच्या जुलै महिन्यांत ट्रॉन्डहाइम येथील सामन्यांत प्रेक्षकांनीं निषेध म्हणून मैदानावर माशांच्या वड्या व टेनिसचे चेंडू फेंकले, इतके कीं सामना सोडून द्यावा लागला. अन्न फेंकणें आम्हांस पसंत नाहीं. पण पुढें तेथें जें झालें तें शिकण्यासारखें आहे: क्लबांनीं मतें घेतलीं, बहुसंख्य क्लब विरुद्ध निघाले, प्रश्न महासंघाच्या सभेपुढें गेला, आणि मार्च २०२५ मध्यें ३२१ विरुद्ध १२९ मतांनीं पद्धति ठेवावी असा निकाल लागला.

आमचें मत विचाराल तर, यंत्र हांकलून देण्याच्या बाजूचे आम्ही नाहीं; ब्लूमफोंटेनचा गोल पुन्हां बुडावा असें कोणाला वाटेल? परंतु रेषेचे प्रश्न यंत्राकडे द्यावे आणि आशयाचे प्रश्न मैदानांतील रेफरीकडे ठेवावे, त्यानें पडदा पाहावयाचा तर थोडा वेळ व खऱ्या गतीनें पाहावा, असें आम्हांस वाटतें. मंदगतींत प्रत्येक धक्का मुद्दाम मारल्यासारखा दिसतो. शिवाय निर्णयाचें कारण तेथल्या तेथें सर्वांना ऐकवावें. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें २०२३ सालीं झालेल्या स्त्रियांच्या विश्वचषकांत हें प्रथम मोठ्या प्रमाणावर झालें. पडदा पाहून आलेली रेफरी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला निर्णय व त्याचें कारण सांगे. एक-दोन वाक्यांपलीकडे तें जात नसे, आणि सांगतांना कांहीं जणींचा आवाज किंचित् कांपेहि. हरणाऱ्या पक्षाला तें कारण पटलेंच असेल असें नाहीं. पण घरीं परततांना वाद घालावयाचा तर तो कशावर घालावयाचा, एवढें तरी त्यांस ठाऊक असे.